‘हो, हो, येतो!’

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या धामधुमीतील एक रविवार. चितेगावात मिस्सा आटोपून मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग आम्ही नुकताच सुरू केला होता. तोच आकाशात घरघर ऐकू आली आणि पाहता पाहता सारा वर्ग अंगणात जाऊन उभा राहिला. कोणा पुढाऱ्याचे हेलिकॉप्टर पैठणच्या दिशेने चालले होते. आमचा परिसर कारखान्यांचा, त्यामुळे इथल्या मुलांना यंत्राचे फारसे अप्रूप नाही. पण हेलिकॉप्टर दिसले की तीही हात हलवतात, जणू वर बसलेला माणूस त्यांच्याकडेच पाहत आहे. मुलांच्या पाठोपाठ आम्हीही बाहेर आलो होतो, हे कबूल केले पाहिजे.

हेलिकॉप्टर दिसेनासे झाल्यावर सहावीतल्या एका मुलाने विचारले, “फादर, वर तर सिग्नल नसतो. मग समोरून दुसरं आलं तर?”

“असते काहीतरी व्यवस्था,” असे गुळमुळीत उत्तर देऊन आम्ही मुलांना वर्गात वळवले. प्रश्न मात्र मनात राहिला. तो तसा राहण्याचे एक कारण असे, की विमान आणि रस्ता यांची गाठ पडल्यावर काय होते, हे आमच्या जिल्ह्याने एकदा पाहिलेले आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी भर दुपारी चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून मुंबईसाठी निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ पुरेसे उंच जाण्यापूर्वीच हद्दीबाहेरच्या रस्त्यावरून चाललेल्या कापसाच्या गाठींच्या ट्रकवर आदळले. पुढे ते विजेच्या तारांना भिडले आणि शेतात कोसळले. विमानातील ११८ जणांपैकी ५५ जण दगावले. चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या. वैमानिकाने विमान उचलण्यास उशीर केला होता. आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची रहदारी आवरण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांच्याकडून ती पार पडली नव्हती. आम्ही तेव्हा सेमिनरीत होतो. त्यानंतर कित्येक वर्षे त्या रस्त्याने जाताना एक गोष्ट मनात येई. ट्रकचालक आपल्या वाटेने चालला होता, वैमानिक आपल्या. एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत नेणारे मध्ये कोणी नव्हते.

आकाशात असा मधला माणूस असतो. त्याला हवाई वाहतूक नियंत्रक म्हणतात. विमानतळाभोवतीच्या ठरावीक आकाशात त्याच्या परवानगीवाचून कोणी शिरायचे नाही, उतरायचे नाही, उठायचे नाही. मोठ्या विमानांच्या बाबतीत हे तुलनेने सरळ असते, कारण त्यांच्या वाटा आणि उंची बरीचशी आधीच ठरलेली असते. हेलिकॉप्टरची गोष्ट निराळी. ते खालून, इमारतींच्या जवळून, बहुधा वैमानिकाच्या डोळ्यांच्या भरवशावर उडते. वाटेत थबकू शकते आणि वळायला त्याला फारशी जागा लागत नाही. म्हणूनच मोठ्या विमानतळाच्या अंगणात ते नियंत्रकाला मोठे जिकिरीचे होते.

हे आम्ही एकदा जवळून पाहिले आहे. पुण्याच्या सेमिनरीत आमचे एक सहाध्यायी वसईचे होते. त्यांचे थोरले बंधू मुंबईजवळच्या समुद्रात, बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रावर कामाला होते. तिथे जाण्यासाठी त्यांना जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टर पकडावे लागे. एका सुट्टीत आम्ही दोघे त्यांना पोहोचवायला गेलो. जुहूचा तळ १९२८ मध्ये सुरू झालेला. जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपालाची थैली आणली ती इथेच. पण त्या दिवशी आमच्या डोळ्यांत भरला तो इतिहास नव्हता. हेलिकॉप्टर जमिनीपासून माणूसभर उंच उठले, तिथेच थरथरत थांबले, जणू कोणाच्या तरी शब्दाची वाट पाहत होते. आणि मग समुद्राकडे झुकून निघून गेले. त्याच वेळी सांताक्रूझच्या बाजूला एक भले मोठे विमान आवाजाने आसमंत दणाणून टाकत होते. दोन्ही तळांत अंतर ते किती? जेमतेम दोन-तीन किलोमीटर. बंधूंनी नंतर सांगितले, की जुहूचा मनोरा आणि मोठ्या विमानतळाचा मनोरा यांचे एकमेकांशी बोलणे झाल्याखेरीज यांचे पाते तिथून हलत नाही. पावसाळ्यात दृष्टी पोहोचेनाशी झाली, की ताटकळत बसणे आलेच.

हे दोन तळ किती जवळ आहेत, ते दोनदा विलक्षण रीतीने सिद्ध झाले आहे. जुलै १९५३ मध्ये ब्रिटनचे एक कॉमेट विमान आणि २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सचे डीसी-८ विमान, अशी दोन विमाने सांताक्रूझला उतरायची ती जुहूला उतरली. जपानी विमान तर आखूड धावपट्टी संपवून पलीकडे गेले. सुदैवाने दोन्ही वेळा प्राणहानी झाली नाही. आम्हांला यात नवल वाटते ते याचे, की वैमानिकाला धावपट्टी दिसली नव्हती असे नव्हे. दिसली होती. फक्त ती दुसरी होती.

आज मुंबईच्या मोठ्या विमानतळावर दिवसाला नऊशेच्या आसपास विमानांची ये-जा होते. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचेही उद्घाटन झाले. आकाश तेवढेच, वाटेकरी वाढले. अशा ठिकाणी ९ फेब्रुवारी २००९ रोजी जे घडता घडता राहिले, ते वाचकांपैकी काहींना आठवत असेल. दिल्लीला निघालेले, सुमारे दीडशे माणसांचे विमान धावपट्टीवर वेग घेत असता त्याच धावपट्टीवर पुढे राष्ट्रपतींच्या ताफ्यातील एक हेलिकॉप्टर उतरलेले वैमानिकाला दिसले. त्याने सारा जोर लावून विमान रोखले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून चर्चा झाली ती मुख्यतः ताफा राष्ट्रपतींचा होता म्हणून. आमच्या मते विचार करण्याजोगी गोष्ट वेगळी होती. हेलिकॉप्टर, विमान आणि मनोरा या तिघांपाशीही बोलण्याचे साधन होते, आणि तरीही दोन वाहने एका धावपट्टीवर आली.

म्हणून आम्ही या बोलण्याची रीत समजून घेण्याचा प्रयत्न केला. ती फार देखणी आहे.

समजा नियंत्रकाने सांगितले, “पाचशे फुटांवर राहा, किनारा ओलांडू नका.” वैमानिकाने यावर “बरे” म्हणून भागत नाही. त्याने आपल्या यानाची खूण सांगून उलट म्हणायचे असते, “पाचशे फुटांवर राहतो, किनारा ओलांडत नाही.” आणि तेवढ्याने नियंत्रकाचे कामही संपत नाही. त्या उलट उच्चारलेल्या शब्दांकडे त्याने कान द्यायचा असतो. त्यात चूक आढळली तर तिथल्या तिथे अडवून पुन्हा सांगायचे असते. म्हणजे एक बोलतो, दुसरा तेच परत बोलतो, पहिला ते ऐकतो. आणि तेव्हा कुठे एक निरोप पुरा होतो. चित्रपटांमुळे आपल्याला वाटते, ‘रॉजर’ म्हटले की सारे झाले. प्रत्यक्षात त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की तुमचे बोलणे माझ्यापर्यंत आले. मी ते करीन, असे त्यात कुठेच नाही. आणि उंची किंवा धावपट्टी यांसारख्या बाबतीत नुसते ‘रॉजर’ चालतच नाही. आम्हां धर्मगुरूंना ही रीत परकी वाटू नये. विवाहविधीत वधूवरांच्या तोंडून वचन आम्ही शब्दशः वदवून घेतो. नवरी लाजून नुसती मान डोलावू लागली, तर “मोठ्याने बोल, बाळ,” असे सांगावे लागते आणि मागच्या बाकांवर हशा पिकतो.

अक्षरांचेही तसेच. ब आणि ड, प आणि त ही अक्षरे खरखरीत सारखीच ऐकू येतात, म्हणून त्यांनी प्रत्येक अक्षराला एक शब्द जोडून दिला आहे: अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा. आपल्या पहिलीच्या वर्गात ‘ग गणपतीचा’ म्हणतात, त्याचाच हा थोरला भाऊ. इंग्रजी नऊचा आकडासुद्धा ते ‘नायनर’ असा लांबवतात. पोरखेळ वाटावा अशा या गोष्टी, पण त्यांतल्या काहींमागे माणसांचे प्राण गेलेले आहेत. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारावा, एरव्ही नाही, असा दंडक पडला. त्या दिवशी दोन आवाज एकाच क्षणी एकाच लहरीवर आले होते आणि वैमानिकाच्या कानी नेमक्या मोक्याच्या शब्दांच्या जागी एक कर्कश किंकाळीच पडली होती.

इथे या यंत्राचा एक स्वभाव सांगितला पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर आहे. आपल्या टेलिफोनसारखे यावर दोघांना एकाच वेळी बोलता येत नाही. बोलण्यासाठी कळ दाबावी लागते. आणि जोवर कळ दाबलेली आहे, तोवर बोलणाऱ्याला ऐकू येत नाही.

२९ जानेवारी २०२५ च्या रात्री अमेरिकेच्या राजधानीत, पोटोमॅक नदीवर, सैन्याचे एक ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर आणि उतरण्याच्या बेतात असलेले प्रवासी विमान यांची टक्कर झाली. विमानातील ६४ आणि हेलिकॉप्टरमधील ३, असे सर्वच्या सर्व ६७ जण मृत्यू पावले. त्या अपघाताच्या तपासाचा जो वृत्तान्त प्रसिद्ध झाला, तो आम्ही अनेक रात्री पुन्हा पुन्हा वाचला. हेलिकॉप्टर नियंत्रकाशी एका लहरीवर बोलत होते, विमान दुसऱ्या. नियंत्रकाचे बोलणे दोघांना ऐकू येई. एकमेकांचे मात्र नाही. त्या वेळी मनोऱ्यात हेलिकॉप्टरांचे आणि विमानांचे काम एकच नियंत्रक पाहत होता. टकरीच्या सुमारे सतरा सेकंद आधी त्याने हेलिकॉप्टरला सांगितले, की त्या विमानाच्या मागून जा. यातले ‘मागून जा’ हे शब्द हेलिकॉप्टरमध्ये बहुधा पोहोचलेच नाहीत. नेमक्या त्याच क्षणी, सेकंदाचे आठ दशांश, हेलिकॉप्टरमधील कोणाचे तरी बोट कळीवर होते. दोन सेकंदांनी तिकडून उत्तर गेले: विमान दिसत आहे, नजरेने अंतर राखू द्या. तशी परवानगी मिळाली. त्यांना नेमके कोणते विमान दिसत होते, हे सांगायला कोणी उरले नाही. रात्रीच्या वेळी तिथे उतरणाऱ्या विमानांच्या दिव्यांची रांगच लागलेली असते.

आणखी एक आकडा त्या वृत्तान्तात आहे. हेलिकॉप्टरांची ती वाट आणि विमानांची उतरण यांच्यामध्ये काही ठिकाणी उभे अंतर उरत होते अवघे ७५ फूट. एखाद्या मोठ्या चर्चच्या मनोऱ्याइतके. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळापाशी प्रवासी विमान आणि हेलिकॉप्टर एकमेकांच्या अगदी निकट, म्हणजे आडवे पंधराशे फूट आणि उभे दोनशे फूट यांच्याही आत, आल्याचे ८५ प्रसंग नोंदींत सापडले. नोंदी होत्या. अपघात झाला तेव्हा त्या कोणी एकत्र करून वाचल्या.

वाचकहो, परदेशातील अपघातावर आम्ही इतक्या रात्री का घालवल्या, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर द्यायला आम्हांला बिडकीनच्या रस्त्याने जावे लागेल.

ऑगस्ट २०२२. पाऊस चार दिवस धरून राहिला होता आणि रात्री अकराच्या पुढे आमचा मोबाईल वाजला. आमच्या खोलीत त्याला आवाज धड येत नाही. खिडकीशी उभे राहून बोलावे लागते. पलीकडे एक घाबरा तरुण आवाज होता. “फादर, आजीचं काही खरं नाही, तुमचं नाव घेतेय... कीनला या, लवकर या!” तो बोलत असतानाच आम्ही आपले त्याला धीर देत होतो, “हो, हो, येतो! निघालोच!” बिडकीनला आमच्या एक वृद्ध भगिनी महिनाभर आजारी होत्या. कोणती आजी, कुठले गाव, असा प्रश्न मनाला शिवलासुद्धा नाही. तैलाभ्यंगाची कुपी आणि ख्रिस्तप्रसाद घेतला आणि मोटारसायकल काढली.

बिडकीनला त्या घराची कडी वाजवली तेव्हा आत निजानीज झाली होती. दार उघडणाऱ्या सुनेने मध्यरात्री, भिजलेल्या अवस्थेत, हाती तेलाची कुपी घेतलेले फादर पाहिले आणि तिच्या तोंडून किंकाळी फुटली. ती ऐकून आजीबाई स्वतः काठी टेकीत बाहेर आल्या. “माझी येळ भरली का काय, फादर?” त्यांनी विचारले. त्यांचा दमा त्या दिवशी बराच उतरला होता. संध्याकाळी त्यांनी भाकर खाल्ली होती.

आम्ही ओसरीवर उभे राहून तो नंबर फिरवला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा लागला. “कुठून बोलतोस, बाळ?” “ढोरकीनहून, फादर.”

ढोरकीन त्याच रस्त्यावर, पण पैठणकडे बरेच पुढे. रस्त्यात पाणी, समोरून येणाऱ्या ट्रकांचे दिवे, वेग धरवेना. आम्ही पोहोचलो तेव्हा अंगणात माणसे उभी होती आणि कोणी बोलत नव्हते. आजी अर्ध्या तासापूर्वी गेली होती. आम्ही प्रार्थना म्हटल्या. शेजारच्या एका बाईने हळूच सांगितले, की शेवटपर्यंत ती विचारत होती, “फादर कुठवर आले?”

दफनविधीच्या वेळी आम्ही लोकांना म्हणालो, की पावसामुळे पोहोचायला उशीर झाला. हे खोटे नव्हते. खरेही नव्हते. बिडकीनचे नाव आम्ही काढले नाही. आजीच्या नातवाने खाली मान घालून ते ऐकले. आणि याआधीही निरोप असे अर्धेमुर्धे ऐकून आम्ही दोन-तीनदा चुकीच्या दारी गेलो होतो. तेव्हा काही बिघडले नव्हते, म्हणून ते हसण्यावारी नेले होते. त्यांचीही नोंद आमच्यापाशी होतीच की.

वॉशिंग्टनच्या वृत्तान्तातील ते आठ दशांश सेकंद वाचले, तेव्हा आम्हांला खिडकीतला आमचाच आवाज ऐकू आला. नातवाने गावाचे नाव घेतले होते. ते आमच्याच “हो, हो, येतो”खाली दडपले गेले. आमचे बोट कळीवर होते. आणि आम्हांलाही एक दिवा आधीच दिसत होता, बिडकीनचा. त्यामुळे दुसरा कुठे असू शकेल, हे विचारण्याची गरजच भासली नाही.

२०२५ च्या उपवासकाळात एका संध्याकाळी आम्ही ढोरकीनला गेलो. नातू आता कामाला लागला आहे, पाळी संपवून नुकताच आला होता. ओट्यावर बसून आम्ही त्याला त्या रात्रीचे सारे सांगितले. बिडकीन, बंद दार, पावसाची सबब, सारे. तो बराच वेळ अंगठ्याने ओट्याचे पोपडे काढत राहिला. मग म्हणाला, “तुम्ही बिडकीनला गेला होता, ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, फादर. मला वाटलं, माझ्याच तोंडून गडबडीत चुकीचं गाव गेलं. घरात कुणाला बोललो नाही.”

तीन पावसाळे त्या पोराने आमची चूक आपली म्हणून उरात वागवली होती.

“तू बरोबर सांगितलं होतंस,” आम्ही म्हणालो. “मी ऐकलं नाही.”

“तुम्ही हो म्हणालात,” तो म्हणाला, “म्हणून मी परत सांगितलं नाही.”

त्याच्या आईने चहा आणला. आजीचा फोटो भिंतीवर होता. त्याच्याकडे पाहत आम्ही तो प्यालो. तिच्यासाठी एक मिस्सा अर्पण करण्याचे ठरले. उठताना आईने विचारले, “बिडकीनच्या त्या आजी बऱ्या आहेत का?” आहेत, आम्ही दिसलो की अजूनही अगोदर आमच्या हाताकडे पाहतात, कुपी आहे की काय म्हणून.

आता फोन आला की आम्ही तोंड मिटून ऐकतो, मग गाव, घर आणि आजाऱ्याचे नाव परत म्हणून दाखवतो आणि पलीकडून होकार येईपर्यंत मोटारसायकलची किल्ली उचलत नाही. सुरुवातीला लोकांना हे चमत्कारिक वाटले. “फादरना कमी ऐकू येतंय,” अशी कुजबुजही कानी आली; म्हणजे कान शाबूत होते. सहावीतल्या त्या मुलालाही, तो एव्हाना सातवीत गेला होता, आम्ही राहिलेले उत्तर दिले. वर सिग्नल नसतो, पण एक माणूस बोलतो आणि दुसरा तेच परत बोलतो, असे सांगितले. त्याला ते फारसे पटलेले दिसले नाही. “दिवा बरा,” तो म्हणाला.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री पुन्हा फोन वाजला. खिडकीशी जाऊन आम्ही तो कानाला लावला आणि गप्प राहिलो. पलीकडे तोच नातू होता. शेजारच्या आजोबांना बरे नव्हते. आम्ही विचारण्याआधीच त्याने सुरुवात केली.

“ढोरकीनहून बोलतोय, फादर. ढ ढगातला.”